राजा पास झाला नाही, गादीवर बसला

प्रिय,

तुझा डच अनुवाद काल रात्री वाचून काढला. हात बराच मोकळा झालाय, बरं वाटलं. अडलो फक्त एका वाक्यापाशी. 30 एप्रिल 2013 रोजी नेदरलँड्सच्या बेआट्रिक्स राणींनंतर त्यांचे चिरंजीव विलेम-आलेक्सांडर गादीवर आले, एवढंच मूळ इंग्रजी सांगतं. तू ‘सक्सीड’ पाहिलंस आणि ‘स्लाखन’ लिहिलंस. ‘स्लाखन’ म्हणजे जमणं, पास होणं.

तिथे हवं ‘ओपफोल्खन’, म्हणजे एखाद्यानंतर त्याच्या जागी येणं. हे क्रियापद वाक्यात दुभंगतं: ‘फोल्ख्दे’ कर्त्याला लागून येतं आणि ‘ओप’ पार शेवटी जातं. ते ‘ओप’ राहून गेलं तर राजा नुसता आईच्या मागून चालत गेला, असा अर्थ होतो. म्हणून वाक्य संपलं की शेवटच्या शब्दावर बोट ठेवून बघत जा.

इंग्रजीत यश आणि वारसा एकाच लॅटिन मुळातून आले, मागून येण्याच्या अर्थाने. इंग्रजीने दोन्हींसाठी एकच क्रियापद ठेवलं, डचने ठेवलं नाही. मराठीनेही नाही, आणि हेच तुझं भांडवल आहे. इंग्रजीत ‘सक्सेशन’ दिसलं, की वाक्य आधी मनात मराठीत म्हण. ‘लागोपाठ तीन दिवस’ असं तोंडात आलं, की ‘आख्टर एल्कार’. ‘वारसाहक्काने’ आलं, की ‘एर्फओपफोल्खिंग’.

‘स्लाखन’ची खरी जागाही सांगतो. जूनमध्ये शालान्त परीक्षेचा निकाल लागला की नेदरलँड्समध्ये पास झालेल्या मुलांच्या घरावर झेंडा लागतो आणि त्याच्या काठीला दप्तर टांगलेलं असतं. त्या घरातली मुलगी सांगते, ‘इक बेन खस्लाख्त’, मी पास झाले. इथे साहाय्यक क्रियापद ‘हेब’ (इंग्रजी ‘हॅव’) नाही, ‘बेन’ (इंग्रजी ‘अ‍ॅम’). आणि परीक्षेला निघताना तिला सगळे ‘सुक्सेस!’ म्हणाले असतील, तर ती शुभेच्छा. यश अजून लांब असतं.

वारसाकराच्या कागदांत मात्र मीसुद्धा चुकलो आहे. जुन्या सवयीने ‘सुक्सेसीरेख्ट’ लिहिलं आणि काम परत आलं. 2010 पासून त्या कराला ‘एर्फबेलास्टिंग’ म्हणतात. कायद्याचं नाव मात्र अजूनही ‘सुक्सेसीवेट 1956’ असंच आहे, तिथे हात लावू नकोस. तुझ्या चौथ्या पानावर हे दोन्ही शब्द येतात. तेवढं पान दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव.