स्टर्नड्राइव्हचा गिअर न्यूट्रलला येत नाही आणि इंजिन बंद पडतं. ड्राइव्ह खोलावी का, खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की बोट जुनी घेतलेली आहे, मर्क्रूझरचं ४.३ लिटरचं इंजिन, अल्फा वन ड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेला, प्रॉपेलर फिरवणारा गिअरचा भाग. फॉरवर्डला गिअर पडतो, पण न्यूट्रलला आणताना लिव्हर अडते आणि इंजिन बंद पडतं. मेकॅनिक ड्राइव्ह खोलायला सांगतोय.

खोलू देऊ नका. आधी खालची शिफ्ट केबल बघा, इंजिनाजवळच्या शिफ्ट प्लेटपासून मागे ड्राइव्हमध्ये जाते ती. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला सोळा वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला, म्हणून एवढं लिहायला बसलो.

नागपुरात बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंबाझरी नाहीतर फुटाळ्याची पायडल बोट येते. पण आमच्या भागात मोठे जलाशय आहेत आणि तिथे मोटरबोटीही चालतात. असल्याच एका जलाशयावर एका साहेबांनी मुंबईकडून जुनी बोट ट्रकवर घालून आणली होती. इंजिन आणि ड्राइव्ह तुमच्यासारखीच. दुरुस्तीला ती आमच्या मामाजींकडे आली. मामाजींचं गॅरेज ट्रकचं. नागपुरात बोटीचा मेकॅनिक शोधायला गेलं की शेवटी ट्रकवाल्याकडेच जावं लागतं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो. इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट सांगणारा माणूस, मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना अडाणी समजू नये.

लक्षण तुमचंच. न्यूट्रलला आणलं की इंजिन गप्प. मी साहेबांकडून मॅन्युअल मागून घेतलं होतं, रात्री वाचलं होतं. म्हटलं, ‘मामाजी, एक डाव केबल काढून पाहू न.’ ते म्हणाले, ‘पोट्ट्या, टरकाचे गिअरबॉक्स खोलून म्हातारा झालो मी. गिअर अडते म्हंजे आतच अडते.’

दोन दिवस लावून ड्राइव्ह खोलली. आतल्या गिअरच्या शिम, कागदाइतक्या पातळ चकत्या, पेपरवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून कोणीतरी कूलर आमच्याकडे वळवला. पेपर उडाला. चकत्या सगळ्या सापडल्या, पण कोणती कोणत्या गिअरची हे कोणालाच सांगता येईना. त्या चकत्यांच्या जाडीवर गिअरच्या दातांमधलं अंतर ठरतं, ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. अंदाजाने बसवल्या. आत खराब काहीच निघालं नव्हतं. डॉग क्लच, म्हणजे गिअरला दातांनी धरणारा तुकडा, त्याच्या दातांच्या कडा नव्यासारख्या तीक्ष्ण होत्या, मी हाताचं बोट फिरवून पाहिलं होतं.

बोट पाण्यात टाकली, आजार तोच. मग मामाजींनी ठरवलं की शिफ्ट प्लेटवरचा स्विच खराब आहे, तोच इंजिन बंद करतो, आणि त्याची वायर तोडली.

हा स्विच समजून घ्या, कारण तुमचा मेकॅनिकही उद्या हेच करेल. गिअरमध्ये असताना डॉग क्लचचे दात भाराखाली एकमेकांना धरून बसतात. न्यूट्रलला ओढताना ते सुटत नाहीत, तेव्हा प्लेटवरची लिव्हर थोडी सरकते. तिच्यात इंग्रजी व्हीसारखी खाच आहे, खाचेत स्विचची छोटी चाकी बसलेली असते. लिव्हर सरकली की चाकी खाचेबाहेर चढते आणि इग्निशन क्षणभर तुटतं. तेवढ्यात भार उतरतो, दात सुटतात, चाकी परत खाचेत येते. इंजिन फिरतंच राहतं, फार तर एक ठोका चुकल्यासारखं वाटतं. आता खालची केबल आतून गंजून जड झाली असेल तर दात वेळेवर सुटत नाहीत, चाकी बाहेरच अडकून राहते, इग्निशन तुटलेलंच राहतं आणि इंजिन मरतं. म्हणजे स्विच आपलं काम बरोबर करत असतो.

वायर तोडल्यावर इंजिन बंद पडेना. मामाजी खूश, साहेब खूश. जेट्टीकडे येताना साहेबांच्या माणसाने लिव्हर ओढली, गिअर सुटलाच नाही. इंजिन चालू, बोट फॉरवर्डमध्येच. जेट्टीवर एक पोरगं दोरी धरून उभं होतं, त्याचा हात काठाला लावलेल्या टायरवर होता. बोट धडकायच्या आधी त्याने हात काढला. मी मागच्या सीटवर होतो, ते मला अजून दिसतं. म्हणून सांगतो, स्विच तोडून बोट पाण्यात नेणारा मेकॅनिक तुमच्या बोटीजवळ येऊ देऊ नका. तपासायला म्हणून जमिनीवर दोन मिनिटं काढला तर हरकत नाही. इंजिन मरायचं थांबलं पण गिअर अडलेलाच राहिला, तर संशय केबलवर पक्का होतो.

त्या रात्री मी कोणाला न विचारता प्लेटवरून खालची केबल सोडवली. हाताने सरकेना. सरकवली तेव्हा नळीतून तपकिरी पाणी आलं आणि आतल्या तारेचे दोन पदर सुटलेले दिसले. बोट आधी समुद्रात चाललेली, ड्राइव्ह आणि बोटीच्या मधला रबरी बेलो, म्हणजे पाणी अडवणारी घडीची नळी, फाटलेला, खारं पाणी किती वर्षं आत जात होतं कोण जाणे. नवी केबल आणि बेलो मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आले. बसवल्यावर लिव्हर दोन बोटांनी चालली. तोडलेली वायर मी परत जोडली.

मामाजी आजही म्हणतात, ‘खोलली म्हणूनच मोकळी झाली.’ लग्नकार्यात भेटलो की हा विषय निघतो, चार लोक त्यांच्या बाजूने बोलतात. त्यांना माझं एकच विचारणं आहे: ड्राइव्ह खोलून बसवल्यावरही गिअर अडला होता की नाही? केबल बदलल्यावरच सुटला की नाही? आणि त्या शिमांमुळे ड्राइव्ह पुढे सतत कण्हत राहिली, त्याचं काय? तो आवाज साहेबांना ऐकवायला मी एकटाच उभा होतो.

तुम्ही आता हे करा. किल्ली काढून खिशात ठेवा, इंजिन चुकूनही चालू होता कामा नये. प्लेटवरून दोन्ही केबली सोडवा. कंट्रोल लिव्हर हलवून पाहा. तिथेच जड लागली तर दोष वरच्या केबलमध्ये, म्हणजे लिव्हरपासून प्लेटपर्यंतच्या, नाहीतर लिव्हरच्या कंट्रोल बॉक्समध्ये. हलकी असेल तर एकाला मागे प्रॉपेलर हाताने फिरवायला सांगा आणि खालची केबल तुम्ही हाताने सरकवा. प्रॉपेलर न फिरवता ओढलीत तर दात जुळत नाहीत आणि चांगली केबलही जड वाटते. या दोन्ही तपासण्यांचा व्हिडिओ काढून ठेवा, मेकॅनिकला दाखवा. मी काढला असता तर घरात सोळा वर्षं हा वाद राहिला नसता.

केबल बदलायला ड्राइव्ह उतरवावी लागते, ते खरं. पण उतरवणं वेगळं, खोलणं वेगळं. अल्फा उतरवताना गिअर फॉरवर्डला ठेवा. उतरलीच आहे तर गिंबल बेअरिंग, म्हणजे ड्राइव्हचा शाफ्ट ज्यात फिरतो ते, हाताने फिरवून बघा आणि बेलो सगळे बदला. आमच्याकडच्या उन्हात रबर काही वर्षांत कडक होऊन चिरतं, तुमच्याकडेही ऊन कमी नसेल.

खर्चाचा नक्की आकडा मी देणार नाही, केबल कुठून मागवता त्यावर आहे. गिअर सेटपुढे तो काहीच नाही, एवढं खात्रीने सांगतो.

हे सगळं अल्फाचं. मर्क्रूझरचीच दुसरी ड्राइव्ह, ब्राव्हो, असेल तर तिथे दातांऐवजी शंकूसारखा कोन क्लच असतो आणि हा स्विच नसतो, तेव्हा माझं स्विचचं म्हणणं लागू नाही. आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग, चढलेलं असेल तरी गिअर असाच अडतो, गिअरमध्ये साधारण ६०० ते ७०० आरपीएम असावं, ते आधी बघा. ड्राइव्हचं तेल दुधासारखं पांढरं किंवा त्यात लोखंडाचे कण दिसले, तर मात्र खोलावीच लागेल, तिथे तुमचा मेकॅनिक बरोबर. इंजिन वाढतं पण बोट पुढे सरकत नाही असं असेल तर आधी प्रॉपेलरच्या आतला रबरी हब तपासा. आणि गिअर हळूहळू सरकवायची सवय असेल तर सोडा, एका झटक्यात टाका, नाहीतर दातांच्या कडा झिजतात.

जमिनीवर इंजिन चालवाल तेव्हा ड्राइव्हला पाण्याचा पाइप लावल्याशिवाय चालवू नका, इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा रबरी पंखा, जळतो. पेट्रोल इंजिन आहे, चालू करण्याआधी इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवा. नवा बेलो बसवून बोट पाण्यात टाकली की पहिली दहा मिनिटं जेट्टीलाच बांधून ठेवा आणि मागे तळाशी हात घालून बघा, पाणी येतंय का.