सॉफ्टवेअर निवडण्याआधी सातवी मुलाखत वाच

प्रिय,

तुझा मेल मिळाला, सोबतचा एक्सेलचा तक्ताही. मुलाखतींचं विश्लेषण करायची नऊ सॉफ्टवेअर, चौदा रकाने, प्रत्येकाला रंग. किंमत, विंडोज की मॅक, इंटरनेटवरचं की आपल्या मशीनवरचं, ऑडिओ चालतो का, आलेख निघतात का. मन लावून केलंयस, दिसतंय. पण प्रबंधासाठी घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या बत्तीसपैकी किती मुलाखती तू सलग, अथपासून इतिपर्यंत वाचल्यास, हा रकाना मला कुठे सापडला नाही. दोन महिने झाले तुला उसाच्या फडावरून परत येऊन. मला खरंच काळजी वाटली, आणि थोडा रागही आला. दोन्ही या पत्रात उतरतील, सांभाळून घे.

तू नमुन्यादाखल पाठवलेली सातवी मुलाखत मी काल रात्री दोनदा वाचली. त्यातलं एक वाक्य इथे उतरवते: ‘पाळी आली तरी खाडा न्हाई करता येत. खाडा केला की उचल फिटत न्हाई.’ खाडा म्हणजे बुडवलेला दिवस, उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. याचे तू दोन तुकडे केलेस. पहिल्याला कोड, म्हणजे विषयाचं लेबल, दिलास ‘मासिक पाळी व आरोग्य’, दुसऱ्याला ‘कर्जबाजारीपणा’. आता एक तुकडा आरोग्याच्या प्रकरणात जाणार, दुसरा अर्थकारणाच्या. आणि ती बाई जे सांगत होती ते दोन्हींच्या मधल्या फटीतून पडून जाणार. खाडा आणि उचल यांची गाठ तिने तुझ्यासमोर बांधून दाखवली होती, एकाच बोलण्यात. ती तू सोडवलीस आणि धागे वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेस. हे काम कोणत्या सॉफ्टवेअरने केलं? कोणत्याच नाही. हे तू केलंस, आणि ते चौदा दिवसांच्या मोफत आवृत्तीत जसं झालं तसंच हजारो रुपयांच्या आवृत्तीतही झालं असतं.

म्हणून माझं एकच म्हणणं, आणि ते मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे: वाक्यापाशी परत ये. कोडवरून वाक्यावर, वाक्यावरून त्याच्या मागच्या-पुढच्या वाक्यांवर, तिथून तू विचारलेल्या प्रश्नावर, आणि जमलं तर रेकॉर्डिंगमधल्या आवाजापर्यंत. ज्या साधनात हा रस्ता मोकळा आहे ते तुझं साधन. बाकीचे तेरा रकाने पुसून टाकलेस तरी चालेल.

हे मी इतक्या हट्टाने का म्हणते ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

2004 साली वेल्ह्याच्या डोंगराळ भागात आम्ही बायकांच्या आजारपणावर मुलाखती घेतल्या. चाळीसच्या आसपास. आमच्याकडे तेव्हा जे सॉफ्टवेअर होतं त्यात मराठी अक्षरं चालत नव्हती. मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो आत घेतला की नुसती चिन्हांची भेळ. मग ठरलं की सगळं इंग्रजीत भाषांतर करून आत घालायचं. मीच ठरवलं. मुदत डोक्यावर होती, पैसे देणाऱ्यांना इंग्रजीच हवं होतं, आणि मला वाटलं अर्थ तर तोच राहतो.

त्या बायका एकच शब्दप्रयोग वारंवार करायच्या: ‘अंगावर काढलं.’ ताप अंगावर काढला, अंगावरून जात होतं ते अंगावर काढलं, बाळंतपणानंतरचं दुखणं अंगावर काढलं. भाषांतरात त्याचं झालं ‘उपचारास विलंब’. कोडिंग करताना विलंबाचा कोड गेला ‘दुर्लक्ष’ या मोठ्या कोडखाली. अहवालात दुर्लक्षाचं झालं ‘जाणिवेचा अभाव’. आणि शिफारस काय केली आम्ही? जनजागृती शिबिरं. छापील, रंगीत मुखपृष्ठाच्या अहवालात माझ्या नावासह ते आहे.

पुढे लायसन्सची मुदत संपली. संगणक बदलले. ती प्रोजेक्ट फाइल एका सीडीवर राहिली आणि नव्या मशीनवर उघडेना. मी फार खटपट केली नाही, काम झालं होतं ना. सात-आठ वर्षांनी आमच्या एका जुन्या सहकारी बाईंनी घर बदलताना फूलस्केप वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे आणून दिला. मुलाखती ऐकून त्यांनी हाताने उतरवलेल्या, मूळ मराठीत. एका वहीत निळ्या शाईत होतं: ‘अंगावर काढलं. काढनार न्हाय तर काय? सकाळची येष्टी गेली की दुसऱ्या दिवशीची. मुक्काम पडला तर गुरांना पानी कोन दावनार?’

जाणिवेचा अभाव! त्या बाईला सगळं माहीत होतं. दुखणं काय आहे, दवाखाना कुठे आहे, आणि तिथे जायची किंमत काय आहे. पुढचं वाक्य आमच्याकडेच होतं. मी ‘अंगावर काढलं’ एवढाच तुकडा निवडून कोड लावला होता आणि परत त्या वाक्यापाशी कधी गेलेच नाही. नंतर जावंसं वाटलं तेव्हा फाइल उघडत नव्हती. त्या गावाला शिबिराऐवजी दुपारची एक एसटी हवी होती, आणि ते म्हणायची संधी माझ्या हातात होती.

त्यानंतर मी बदलले. माझे अहवाल उशिरा जायला लागले. मी कोड मराठीतच ठेवायचे म्हणून एक-दोन प्रकल्प हातचे गेले. ‘ताईंना संगणकाचं वावडं आहे’ असं माझ्या माघारी म्हटलं गेलं, ते तुझ्याही कानावर आलं असेल. खोटं आहे ते. मी ही सॉफ्टवेअर तुझ्या जन्माच्या आसपासपासून वापरते आहे. संथ मी आहे, कबूल. पण त्या संथपणानंतरच्या माझ्या एकाही अहवालात बाईच्या तोंडचं वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं गेलेलं नाही, आणि याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

आता तुझ्या तक्त्याकडे येऊ.

ही साधनं बनवली कुणी आणि कशासाठी, हे आधी समजून घे. एनव्हिवोचं मूळ 1981 सालच्या मेलबर्नमध्ये आहे, ला ट्रोब विद्यापीठात. लिन रिचर्ड्स समाजशास्त्राच्या, त्यांचे यजमान टॉम संगणकाकडचे. मॅक्सक्यूडीए 1989 मध्ये जर्मनीत उडो कुकार्ट्झ यांनी ‘मॅक्स’ या नावाने आणलं, मॅक्स वेबरवरून. अ‍ॅटलस टीआय बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रकल्पातून आलं. त्याआधी संशोधक मुलाखतींच्या प्रती कात्रीने कापून खोक्यांत टाकायचे. कापलेला कपटा कुठल्या पानावरचा, त्याच्या आधी काय होतं, हे शोधताना घाम फुटायचा. तो कपटा मूळ पानाला बांधून ठेवता यावा, हा या यंत्रांचा खरा उपकार. म्हणजे वाक्यापाशी परत जाण्यासाठीच ती जन्मली. आपण ती वापरतो मात्र शब्दांचे ढग काढायला, जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारी ती चित्रं.

त्या ढगाबद्दल बोलते, कारण कार्यशाळेत तो पाहून तू भारावलेला दिसतोस. शब्दवारंवारिता मोजणाऱ्या या सोयीला मराठीची सामान्यरूपं कळत नाहीत. ‘उचल’, ‘उचलीचे’, ‘उचलीपायी’, ‘उचलीत’ हे तिच्या लेखी चार वेगळे शब्द. इंग्रजीसाठी रूपं एकत्र करायची सोय एनव्हिवोत आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे तुझ्या ढगात ‘मग’ आणि ‘तर’ डोंगराएवढे आणि ज्या शब्दावर सगळा हंगाम टांगलेला आहे तो शब्द चार ठिकाणी बारीक होऊन पडलेला. तसलं चित्र प्रबंधात लावू नकोस. शोधायचंच असेल तर ‘उचल’ ही अक्षरं ज्या-ज्या शब्दात आहेत ते सगळे शोध (‘उचलून टाकलं’ हेही येईल, ते हाताने गाळ) आणि सापडलेलं एकेक वाक्य उघडून वाच.

तू एकटा आहेस, मुलाखती बत्तीस आहेत, फेलोशिप कधी येते कधी अडकते. तुला टॅगेट पुरे आहे. फुकट आहे, आपल्या मशीनवर इंटरनेटशिवाय चालतं, वाक्यावर खूण करायची आणि नाव द्यायचं एवढंच करतं, आणि खुणांसकट मजकूर वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो. ते तोकडं वाटलं, आवाजावरच खुणा करायच्या असल्या, कोडांची उतरंड हवी असली, तर क्वालकोडर. तेही फुकट, थोडं किचकट, पण तुझ्यासारख्याला दोन दिवसांत जमेल. विद्यापीठाकडे एखाद्या महागड्याचं लायसन्स असेल तर तेही वाईट नाही. अ‍ॅटलसची एक गोष्ट मला मनापासून आवडते, तिथे वाक्यावर खूण करून कोड न देता ठेवता येतं. हे महत्त्वाचं आहे, पण काय म्हणायचं ते अजून कळलेलं नाही, असं म्हणायची मुभा. पाच-सहा जणांचा गट, दोनशे मुलाखती, सोबत सर्वेक्षणाचे आकडे, असं काम पुढे करशील तेव्हा मॅक्सक्यूडीए किंवा एनव्हिवोचा विचार कर. आज नको.

विकत घे की फुकट घे, पहिल्याच दिवशी तीन खोट्या ओळींची मुलाखत आत घाल, कोड लाव आणि सगळं बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघ. 2019 पासून यासाठी रेफी-क्यूडीए नावाचं सामाईक मानक आहे, फाइलच्या नावाशेवटी क्यूडीपीएक्स असतं. ते चालतंय का तपास. कंपन्यांचे मालक बदलतात. एनव्हिवो आणि अ‍ॅटलस, एकेकाळचे प्रतिस्पर्धी, 2024 पासून लुमिव्हेरो या एकाच कंपनीच्या छताखाली आहेत. माझ्या सीडीचं जे झालं ते तुझ्या मुलाखतींचं होऊ देऊ नकोस. मजकूर युनिकोडमध्येच ठेव. घरच्या कुणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिला असेल तर आधी बदलून घे, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपास. पीडीएफ आत घालू नकोस, मराठीच्या वेलांट्या-रफार त्यात कुठेही जाऊन बसतात.

एआयने आपोआप कोड लावून देणारी सोय तू दोनदा अधोरेखित केलीस. स्पष्ट सांगते, सातव्या मुलाखतीतली बाई मुकादमाचं नाव घेऊन बोलली आहे. तिने संमती तुला दिली, कुठल्या तरी सर्व्हरला दिली नाही. आणि समज, नावं गाळून दिलंस आणि यंत्राने बरे कोड काढले, तरी बत्तीस मुलाखती वाचण्याचं जे काम तुझ्यात काहीतरी बदलणार होतं ते झालंच नाही. तुझ्या मसुद्यात ‘थीम्स उदयाला आल्या’ असं लिहिलंयस. या पद्धतीवर लिहिणाऱ्या ब्रॉन आणि क्लार्क 2006 पासून कानीकपाळी ओरडताहेत की थीम, म्हणजे मुलाखतींमधलं मोठं सूत्र, आपोआप उगवत नाही, संशोधक ती घडवतो. ते वाक्य काढ. कसं वाचलंस, कुठे चुकलास, कोणता कोड मोडून नवा केलास ते लिही. परीक्षकाने सॉफ्टवेअरचं नाव विचारलं तर एका ओळीत सांग, आणि पुढची चार पानं वाचण्याबद्दल लिही.

कोडांची नावंही बदल. ‘आर्थिक असुरक्षितता’, ‘लिंगाधारित श्रमविभागणी’ हे तू मुलाखतींना जायच्या आधीच लिहून ठेवलं होतंस, खरं ना? तुझ्या लोकांनी तुला शब्द दिलेत. उचल. खाडा. कोयता. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता मोजतात, यापुढे ‘श्रमविभागणी’ हा शब्द किती फिका आहे बघ. एक माणूस आजारी पडलं की अर्धा कोयता उरतो, आणि अर्ध्या कोयत्याला फडात जागा नाही. हा सिद्धान्त तिथल्या बोलण्यात तयार आहे. तुझे आई-वडीलही या कामाला गेलेत, तू हे माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. म्हणूनच मला भीती वाटते. ओळखीचे शब्द आहेत म्हणून तू ते वाचतच नाहीयेस, आणि परके शब्द भारदस्त वाटताहेत.

तक्ता बंद कर. या आठवड्यात फक्त सातवी मुलाखत कागदावर छाप, डावीकडे मोठा समास सोडून, पेन्सिल घेऊन बस. तुझे प्रश्नही छाप, ते तू गाळले आहेस. रविवारी दुपारी घरी ये, जेवायलाच ये. आणि रेकॉर्डिंग आण. ‘पाळी आली तरी’ म्हटल्यावर ती थांबली, असं तू कंसात लिहिलंयस. किती वेळ थांबली आणि त्या वेळात तू काय म्हणालास, ते मला ऐकायचं आहे.

तुझी,
ताई