चेरी-व्हॅनिलाची पाइप तंबाखू नकोशी का होते? पुढे काय ओढावं?

तुम्ही विचारलंय की काही महिने चेरी-व्हॅनिलाची तंबाखू ओढल्यावर ती आता पाणचट लागते आणि जीभ पोळते, तर जुने पाइपवाले ओढतात तसली कडक तंबाखू घ्यावी का? लगेच घेऊ नका. आधी हात बसावा लागतो, चव मागाहून बदलते. आणि मुंबईत तर सगळ्यात आधी तंबाखू वाळवायला शिकावं लागतं.

सुवासिक तंबाखूचा वास डब्यात जेवढा असतो तेवढा धुरात उतरत नाही. उतरतो तोही शेजारी बसलेल्याला जास्त येतो, ओढणाऱ्याचं नाक त्याला लवकर सरावतं. शिवाय ती ओलसर राहावी म्हणून तिच्यात बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. नवखा माणूस ती तशीच ठासून भरतो, ती विझते, मग तो भराभर झुरके घेतो. पाण्याची वाफ होते, ती जिभेला लागते आणि पाइपच्या बुडाशी गुडगुड सुरू होते. तुमची जीभ पोळते ती बहुधा यामुळेच. याच हाताने कडक तंबाखू ओढलीत तर जीभ पोळेलच, वर मळमळही होईल.

एका वेळेला लागते तेवढीच, म्हणजे दोन-अडीच ग्रॅम तंबाखू कागदावर पसरा. अंगठा आणि तर्जनीत चिमूट दाबून सोडा. गोळी तशीच राहिली तर ओली आहे, हळूहळू सुटून फुलली तर तयार आहे, कुरकुरली तर जास्त वाळली. डिसेंबर-जानेवारीत अर्धा-पाऊण तास पुरतो. जुलैत मात्र खिडकीपाशी ठेवलीत तर वाळायच्या ऐवजी दमट होईल. एसीच्या खोलीत तास-दोन तास ठेवा, नाहीतर साध्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवून दर पाच मिनिटांनी बघत राहा. ग्लायकॉलवाली तंबाखू पुरती कोरडी होतच नाही, तिची वाट बघत बसू नका.

भरल्यावर, पेटवायच्या आधी, एकदा ओढून पाहा. हवा सहज पण किंचित अडून आली पाहिजे. अगदीच अडली तर उपसून पुन्हा भरा. ओढताना बाउल, म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा भाग, गालाला टेकवून बघायची सवय लावा. टेकवून धरवत नसेल तर खाली ठेवा, विझला तरी चालेल, पुन्हा पेटवता येतो. मधल्या मापाचा पाइप पाऊण तास चालला पाहिजे. वीस मिनिटांत संपत असेल तर तुम्ही घाई करताय. समुद्राकडच्या बाल्कनीत दुपारनंतर वारा सुटतो, तिथे कितीही सावकाश ओढलं तरी निखारा भडकतो. आत बसा किंवा बाउलवर जाळीचं झाकण लावा.

एवढं जमलं की व्हर्जिनिया घ्या. हे पान गरम हवेच्या भट्टीत वाळवतात, त्यामुळे त्यात साखर भरपूर राहते. घाईने ओढलं तर तीच साखर जीभ सोलते; सावकाश ओढलं तर वाळल्या गवताची, भाजल्या पावाची, सुक्या मेव्याची गोडी लागते. माझ्या मते अनुभवी माणसाची चव इथे कळते, कडकपणात नाही. दाबून कापलेल्या फ्लेकपासून सुरुवात करा, ती सावकाश जळते. सॅम्युअल गॅविथची फुल व्हर्जिनिया फ्लेक डब्यातून चांगलीच ओली निघते, ती आधी चुरून दुप्पट वेळ वाळवा.

पुष्कळ जण व्हर्जिनियाच्या आधी लटाकियाकडे वळतात. तुर्की जातीचं पान लाकडाच्या धुरावर धरून ती करतात, म्हणून पहिल्याच झुरक्याला चुलीचा, चामड्याचा वास येतो. ती गोड नसते आणि जीभही फारशी पोळत नाही, म्हणून ती आवडते. पण रोज तीच ओढली की दोन-तीन महिन्यांत तिचा वास येईनासा होतो आणि माणूस आणखी लटाकिया असलेलं मिश्रण शोधू लागतो. त्यापेक्षा दोन आठवडे ती बंद ठेवा. तिचा वास पाइपच्या ब्रायर लाकडात मुरतो, तेव्हा तिला वेगळा पाइप द्या. मक्याच्या कणसाचा स्वस्तातला असला तरी चालेल.

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातली पेरिक नावाची तंबाखू पिंपात दाबून तिच्याच रसात मुरवतात. ती लोणच्यासारखी तोंडी लावायची असते. व्हर्जिनियात थोडीशी पुरते. बर्ली जातीच्या तंबाखूत साखर कमी आणि निकोटीन जास्त, म्हणून ती उपाशीपोटी नको. घाम फुटला, उचकी लागली की पाइप खाली ठेवून काहीतरी गोड खा.

कुठल्याही मिश्रणाबद्दल पाच-सहा पाइप झाल्याशिवाय मत बनवू नका, आणि तेही एकाच पाइपात, जेवणानंतर, सोबत पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा घेऊन. धूर छातीत न घेता थोडासा नाकावाटे सोडा; जिभेला कळत नाही ते बरंचसं नाकाला कळतं.

दोन गोष्टी स्पष्टच सांगतो. सकाळी उठल्याबरोबर कडकच हवी असं वाटू लागलं तर ती चव नाही, निकोटीनची सवय आहे, आणि ती सोडवायला डॉक्टरांची मदत मिळते. आणि धूर छातीत न घेताही पाइपने ओठाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर होतो. तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली तर ताबडतोब दाखवा.

पावसाळ्यात एकदा ओढलेल्या पाइपला दोन-तीन दिवस विश्रांती द्या, देठ (तोंडात धरायची नळी) काढून मोकळ्या हवेत ठेवा, बंद कपाटात नको. उघडलेला डबा रबरी कडीच्या काचेच्या बरणीत रिकामा करा. तंबाखूवर कापसासारखी लव आणि कुबट वास आला तर ती बुरशी आहे. वरची काढून खालची वापरू नका, सगळी फेकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा.