पानगळीच्या झाडांना पहिल्या पावसात कात्री लावू नका

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): रो-हाऊसच्या अंगणात पारिजातक, चाफा आणि दोन सीताफळं आहेत. नर्सरीवाले म्हणतात, पहिला पाऊस झाला की निम्मी छाटा, बुंध्याशी मूठभर युरिया टाका आणि फुटव्याचं औषध मारा. करावं का? आणि या फळझाडांना सरकारी अनुदान मिळतं का? (नेरुळहूनही हीच विचारणा आहे.)

उत्तर: करू नका. जूनमध्ये छाटणी नको, युरिया नको आणि औषध तर मुळीच नको.

आपल्याकडे पावसाळ्यात केलेला काप सुकतच नाही. त्यात बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. चाफ्याची फांदी तर आतून कुजते; बोटाने दाबली की पिचते. ऑगस्टमध्ये अशी झाडं दाखवायला आणतात, तेव्हा पहिला प्रश्न विचारावा लागतो: छाटलं कधी? उत्तर बहुधा जूनच असतं.

पानं झडल्यावर, पण नवे डोळे (फांदीवर कोंब फुटतात ते उंचवटे) फुगण्याआधी छाटा. ठाणे-नवी मुंबईत हा काळ साधारण मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर. इथली थंडी सौम्य असल्याने सगळी पानं झडत नाहीत. चार पानं राहिली म्हणून थांबू नका. कॅलेंडरपेक्षा डोळे बघा. घट्ट, तपकिरी असतील तर कात्री चालवा. हिरवं टोक दिसलं तर फक्त वाळकं काढा.

पारिजातक नव्या फुटीवर फुलतो. बहर संपला की एक तृतीयांश उतरवा. जूनमध्ये छाटलात तर ऑगस्टची फुलं स्वतःच्या हाताने कापलीत. चाफ्याला फुलं टोकालाच येतात, म्हणून त्याच्या वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याच काढा. सीताफळावर लटकलेली काळी, सुकलेली फळंही उतरवा. मोगरा असेल तर तो आधी, डिसेंबरात, पाणी देणं थांबवून छाटा.

काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून तिरका घ्या. फांदी जिवंत आहे का, ते नखाने साल खरवडून बघा: खाली हिरवं असेल तर जिवंत. जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करा, एकूण पाणी 1 लिटर. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. चाफ्याचा चीक थांबल्यावरच पेस्ट लावा.

आता नर्सरीवाल्यांच्या युरिया-औषधाचं. पान नसलेलं झाड मूठभर युरिया घेऊ शकत नाही. कोरड्यात मुळं जळतात, पावसात तो गटारात जातो. फूट आल्यावर कुजलेलं शेणखत द्या, पुरे. फुटव्याच्या बाटलीवर हायड्रोजन सायनामाइड लिहिलं असेल तर ती लगेच परत करा. ते द्राक्षबागेचं, विषारी रसायन आहे. पोरं खेळतात त्या अंगणात ते नकोच.

त्यापेक्षा आच्छादन करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. झडलेली निरोगी पानं जाळू नका, सोसायटीच्या कचऱ्यातही देऊ नका. बुंध्यापासून चार बोटं सोडून तीन इंचांचा थर द्या. एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच कमी लागतं आणि पावसाळ्यानंतर खाली काळी, भुसभुशीत माती मिळते.

अनुदानाचं विचारलंत: राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेला कोकणात किमान 10 गुंठे लागतात, अंगण बसत नाही. सोसायटीतल्या मोठ्या झाडांना हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.

जूनमध्ये आधीच छाटून बसला असाल, तर उघडीप मिळताच काळा भाग जिवंत सालीपर्यंत काढा, पेस्ट लावा आणि जानेवारीपर्यंत त्या झाडाला कात्री लावू नका.