निवृत्तीचा हिशेब कोणाच्या वयाने मांडावा?

प्रश्न : सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी १९९८ पासून फिटर आहे. येत्या सहा महिन्यांत ५८ वर्षे पूर्ण होऊन निवृत्त होईन. भविष्य निर्वाह निधीचे सुमारे २९ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ६ लाख, असे ३५ लाख रुपये हाती येतील. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही, महिन्याचा खर्च २८ हजारांच्या आसपास आहे. माझे साडू एका पतसंस्थेत ११ टक्के व्याजाने ठेव ठेवा म्हणतात. मुलाला पुण्यातील फ्लॅटसाठी १२ लाख हवे आहेत. मला सहा वर्षांपासून मधुमेह असून कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपेल. पत्नी ५१ वर्षांची असून गृहिणी आहे. पैशांची मांडणी कशी करावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात पतसंस्थेचा व्याजदर आहे, मुलाच्या फ्लॅटची रक्कम आहे, आपल्या मधुमेहाचाही उल्लेख आहे; पत्नीविषयी मात्र एकच वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळी मांडणी त्या एका वाक्यापासून सुरू व्हायला हवी. त्यांना ८५ वर्षांचे आयुष्य लाभेल असे धरले, तर हे ३५ लाख रुपये आणखी ३४ वर्षे पुरवायचे आहेत, आणि त्यांतली शेवटची काही वर्षे बहुधा त्यांना एकटीने काढावी लागतील. महागाई वर्षाला सहा टक्के धरल्यास आज २८ हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी ५६ हजार लागतील, आणि तेव्हा त्या अवघ्या ६३ वर्षांच्या असतील.

पेन्शनवर फार भिस्त ठेवू नये. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पगार आणि सेवेची वर्षे यांच्या गुणाकाराला ७० ने भागतात. पण वाढीव पगारावरील पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल, तर पगार कितीही असला तरी ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेसाठी ६,५०० आणि त्यानंतरच्या सेवेसाठी १५,००० रुपयेच हिशेबात धरले जातात. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन जादा वर्षे जमेस धरूनही आपली पेन्शन साडेचार हजारांच्या आतबाहेर राहील. तिला महागाई भत्ता नाही, आणि आपल्या पश्चात पत्नीला तिच्या निम्मीच मिळेल.

म्हणून ३५ पैकी २० लाख रुपये पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. निवृत्त झालेल्या व्यक्तीला ५५ ते ६० या वयातही हे खाते उघडता येते, मात्र निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ती मुदत हुकली तर साठीपर्यंत थांबावे लागते. एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. दराचा आढावा दर तिमाहीला होतो, पण खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे कायम राहतो. ८.२ टक्क्यांनी २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये येतील. पत्नी साठीच्या आतल्या असल्याने खाते आपल्या नावे उघडावे आणि त्यांना संयुक्त खातेदार करावे, म्हणजे आपल्या पश्चात, तेव्हा त्या योजनेच्या वयाच्या अटीत बसत असतील तर, खाते त्यांना पुढे चालवता येते. पाच लाख बँकेत मुदत ठेवीत, केवळ आजारपणासाठी. उरलेले दहा लाख एकदम न गुंतवता दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने एखाद्या निर्देशांक (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या) किंवा संतुलित (शेअर आणि कर्जरोखे दोन्हींत पैसे घालणाऱ्या) म्युच्युअल फंडात घालावेत. त्यात चढउतार होणारच, पण ही रक्कम पत्नीच्या साठीनंतरची आहे.

पेन्शन आणि व्याज मिळून महिन्याला साधारण १८ हजार होतात, म्हणजे दहा हजार कमी पडतात. ही तूट मुद्दलातून भरण्यापेक्षा आणखी चार-पाच वर्षे अर्धवेळ काम करावे, असे मी स्पष्टपणे सुचवतो. अनुभवी फिटरला सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत दिवसाआडचे काम मिळणे अवघड नसावे.

साडूंचा सल्ला प्रेमाचा असेल, पण पाच लाखांपर्यंतचे ठेव विमासंरक्षण सहकारी बँकांसह बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांना नाही. मुलाच्या १२ लाखांविषयी एवढेच सांगतो की, तेवढ्या रकमेवरचे ८.२ टक्के व्याज महिन्याला ८,२०० रुपये होते. हा आकडा कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवावा. बहुतेक मुले आकडा पाहून समजून घेतात. आई-वडील संकोचाने तो दाखवतच नाहीत, हा माझा अनुभव आहे. एक-दोन लाख द्यावेसे वाटले तर अवश्य द्यावेत.

मेडिक्लेमचे काम मात्र आजच हाती घ्यावे. कंपनीची सामूहिक पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी नोकरीत असतानाच अर्ज केल्यास आतापर्यंतच्या वर्षांचा लाभ टिकतो. नव्याने पॉलिसी घेतल्यास मधुमेहासारख्या जुन्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पत्नीचे नाव त्यात असायलाच हवे. वार्षिक हप्ता आपल्या २८ हजारांत धरलेला दिसत नाही, तोही धरावा.

आपण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करीत असालच. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पावलेही तपासून घ्यावीत. पण पत्नीची शेवटची रक्ततपासणी कधी झाली? आपल्याकडे घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते, ताटात बहुधा उरलेली भाजी आणि कालची पोळी असते, डाळ-उसळ संपलेली असते. पन्नाशीत पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात, आणि म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि स्तनांची तपासणी या महिन्यातच करून घ्यावी. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याबरोबरच दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम दोघांनीही करावा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे, ही सुरुवात घरच्या घरी होते.

बचत योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला जमा होते. पहिल्या तिमाहीचे व्याज काढायला आपण पोस्टात जाल, तेव्हा पत्नीला सोबत न्यावे, पासबुक त्यांच्या हातात द्यावे, पैसे काढण्याची स्लिप त्यांनाच भरू द्यावी, आणि आपण बाकावर बसून राहावे.