ओहम, म्हो आणि सीमेन्स : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : जुन्या पुस्तकात म्हो आणि नव्यात सीमेन्स आहे. दोन्ही एकच का? किलोओहमवरून सीमेन्स कसे काढायचे? (आयटीआय विद्यार्थी, धुळे)

एकच. १९७१ साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीने सीमेन्स हे नाव स्वीकारले, आकडा तोच राहिला. दोन्ही कंडक्टन्सची एकके. कंडक्टन्स म्हणजे रोधाचा व्यस्त: ४ ओहमचे ०.२५ सीमेन्स. किलोओहम उलटा केला की मिलिसीमेन्स मिळतो, मेगाओहम उलटा केला की मायक्रोसीमेन्स. म्हणून ५ किलोओहम म्हणजे ०.२ मिलिसीमेन्स. वहीत लिहिताना मोठा एस काढा. छोटा एस म्हणजे सेकंद.

परीक्षेत हमखास चुकणारी जागा एसीची. ३ ओहम रोध आणि ४ ओहम रिअॅक्टन्स (कॉइल किंवा कपॅसिटरचा एसीला होणारा अडथळा) सिरीजमध्ये असतील, तर कंडक्टन्स १ भागिले ३ नसतो. तो ३ भागिले (३² + ४²), म्हणजे ०.१२ सीमेन्स.

प्रश्न : केळीसाठी बोअरचे पाणी तपासले. अहवालात ईसी (विद्युत वाहकता) १.८ डेसिसीमेन्स प्रति मीटर आहे, पण टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर ९०० दाखवते. खरे कोणते? (रावेर)

दोन्ही खरे असू शकतात. १.८ डेसिसीमेन्स प्रति मीटर म्हणजेच १.८ मिलिसीमेन्स प्रति सेमी, म्हणजेच १८०० मायक्रोसीमेन्स प्रति सेमी. जुन्या अहवालात मिलिम्हो प्रति सेमी लिहिलेले असेल तर तोही आकडा हाच. टीडीएस मीटर क्षार तोलत नाही. ते विद्युत वाहकताच मोजते आणि आत ठरवून दिलेल्या गुणकाने गुणते. ०.५ ने गुणले की ९००, शेतीत प्रचलित ०.६४ ने गुणले की ११५२ पीपीएम (दशलक्षातले भाग). त्यामुळे नोंद ठेवायची ती ईसीचीच.

ईसी २५ अंश सेल्सिअसला सांगतात आणि अंशामागे साधारण २ टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पाइपमधले पाणी ४० अंशांचे असेल आणि मीटरला तापमान भरपाई नसेल, तर आकडा सुमारे ३० टक्के जास्त येतो. म्हणून मोटार १५ मिनिटे चालू द्या, मगच नमुना घ्या. मीटर १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेमीच्या प्रमाणित द्रावणात तपासून घ्या.

केळी क्षारांना नाजूक. १.८ चे पाणी वापरता येते, पण निचरा चांगला हवा, आणि ठिबकमधून खत सोडताना जपून. लिटरला १ ग्रॅम पांढरे पोटॅश ईसीत साधारण १.८ ची भर घालते, म्हणजे पाणी थेट दुप्पट खारट. युरिया मात्र मीटरवर जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याचे पाण्यात आयन होत नाहीत. ईसी वाढली नाही म्हणजे खत पोचले नाही, असा अर्थ काढून युरियाचा डोस वाढवू नका.

मातीच्या अहवालातली ईसी याच्याशी ताडून पाहू नका. एकास अडीच द्रावणातली (एक भाग माती, अडीच भाग पाणी) आणि संपृक्त अर्कातली (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेले पाणी) ईसी एकाच मातीची असूनही वेगळी येते. कोणती पद्धत वापरली ते प्रयोगशाळेला विचारा.

प्रश्न : मोटारीचे एक अर्थिंग १२ ओहम, दुसरे ८. जोडले तर २० होतील का? (शिरपूर)

नाही, कमी होतील. समांतर जोडणीत कंडक्टन्सची बेरीज होते: ०.०८३ + ०.१२५ = ०.२०८ सीमेन्स. हे उलटे केले की ४.८ ओहम. पण ३ मीटरचे इलेक्ट्रोड (अर्थिंगसाठी जमिनीत रोवलेले धातूचे दांडे) असतील तर दोघांत ६ मीटर अंतर ठेवा. जवळजवळ रोवले तर मातीचा तोच भाग दोघांच्या वाट्याला येतो आणि पूर्ण फायदा मिळत नाही.

मोजणी उन्हाळ्यात घ्या. तापीकाठची काळी माती तेव्हा भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. मल्टिमीटर इथे चालत नाही, अर्थ टेस्टरच हवा. पुरवठा बंद करून अर्थ वायर सोडवा. टेस्टरची करंटची खुंटी इलेक्ट्रोडपासून ३० मीटरवर आणि व्होल्टेजची सुमारे १८.५ मीटरवर ठोका.

प्रश्न : १०० मीटर केबल मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर) ३०० मेगाओहम, ३०० मीटर केली तर १००. केबल खराब आहे का? (शहादा)

नाही. लांबी तिप्पट झाली की गळतीच्या वाटा तिप्पट होतात, म्हणून इन्सुलेशनचा रोध एक तृतीयांश होतो. तांब्याचा रोध मात्र तिप्पट वाढतो. मेगर लावण्याआधी केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवा आणि स्टार्टर सोडवा. मोजून झाल्यावर कोअर (केबलमधली तार) अर्थला टेकवून चार्ज उतरवा, मगच हात लावा.