मुका 'ए' मोजायचा असतो: फ्रेंच कवितागीतांवरील प्रश्नोत्तरे

छापील फ्रेंच कविता, एक गळा आणि पूर्ण लिहिलेला पियानो, यांतून जे गाणे उभे राहते त्याला फ्रान्समध्ये 'मेलोदी' म्हणतात. बर्लिओझच्या 1841 च्या गीतमालेपासून पूलँकच्या 1960 पर्यंतच्या गाण्यांपर्यंत ही परंपरा सलग दिसते. मुंबई, पुणे आणि गोव्यात पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांसाठी ही गाणी बसवणारे विद्यार्थी आणि फ्रेंच कवितांना चाली लावू पाहणारे काही संगीतकार सतत प्रश्न लिहून पाठवत असतात. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो: शब्दाच्या शेवटचा मुका 'ए' गायचा की गाळायचा? त्याचे उत्तर खाली तिसऱ्या प्रश्नात सविस्तर दिले आहे.

देब्युसीच्या प्रसिद्ध 'क्लेर द लून'चे शब्द कुठे मिळतील? मला ते गायचे आहे.

मिळणार नाहीत, कारण 1905 मध्ये प्रसिद्ध झालेली ती निव्वळ पियानोची रचना आहे. तिचे नाव मात्र फ्रेंच कवी व्हर्लेनच्या कवितेवरून आले आहे. त्या कवितेवर देब्युसीने दोन वेगळी गाणी लिहिली, दुसरे 1891 चे. संगीतकार फोरेनेही त्याच कवितेवर 1887 मध्ये गाणे केले. तुम्हाला यांतले एखादे हवे असणार.

द्यूपार्कच्या 'लँव्हितास्यों ओ व्हॉयाज'ची प्रत विकत घेतली. बोदलेरच्या कवितेत तीन कडवी आहेत, प्रतीत दोनच. प्रत सदोष आहे का?

नाही. 1870 च्या या गाण्यात द्यूपार्कने मधले कडवे घेतलेलेच नाही. त्या कडव्यात गुळगुळीत जुन्या लाकडी सामानाची खोली आहे. पहिल्या कडव्यातले ओले सूर्य आणि तिसऱ्यातली कालव्यांवर निजलेली गलबते यांच्यामध्ये ही खोली आली असती, तर पाण्यावरचा एकसंध तरंग तुटला असता. मूळ कवितेत पाच, पाच, सात अक्षरांच्या ओळी पाळण्यासारख्या झुलतात आणि ध्रुवपदात सात-सात अक्षरांवर स्थिरावतात. संगीतकाराने नेमके हेच उचलले आहे. कडव्यांत पियानोचा उजवा हात थरथरत राहतो. ध्रुवपद पहिल्यांदा आले की हालचाल थांबते, आणि 'तिथे सगळे सुव्यवस्था आणि सौंदर्य' हे शब्द गळा जवळजवळ एकाच स्वरावर म्हणतो. त्या ठिकाणी भाव ओतायला जाऊ नका. ते सपाटच हवे.

कविता छाटणे या परंपरेत सर्रास चालते. फोरेने 'ला बॉन शाँसाँ'साठी व्हर्लेनच्या एकवीस कवितांतल्या नऊच घेतल्या आणि त्यांचा क्रमही बदलला. म्हणून गाणे बसवण्याआधी पूर्ण कविता वाचा. संगीतकाराने काय टाळले हे कळले की काय राखले तेही कळते.

फ्रेंचमध्ये शेवटचा 'ए' म्हणायचा नसतो असे सगळेच सांगतात. मग स्वरलिपीत त्याच्यासाठी वेगळा स्वर का छापलेला असतो? तो गाळू का?

गाळू नका. 'सगळेच' जे सांगतात ते पॅरिसच्या रस्त्यावरच्या बोलण्याला लागू आहे. कवितेला ते लागू नाही, आणि गाण्याला तर नाहीच.

हे मराठी वाचकाला कठीण जायला नको. 'सुंदर ते ध्यान' हे आपण बोलताना 'सुन्-दर् ते ध्यान्' असे म्हणतो, म्हणजे चार उच्चार. अभंगात मात्र ही सहा अक्षरे आहेत, आणि सहा धरली तरच 'उभे विटेवरी'शी माप जुळते. 'दर्'मधला आणि 'ध्यान्'मधला बोलताना पडलेला अ गाताना परत उभा राहतो. फ्रेंच छंदही अक्षरे मोजतो, आणि बोलताना पडणारा 'ए' ओळीच्या आत मोजतो. ओठ किंचित गोल करून म्हटलेल्या आखूड अ सारखा त्याचा उच्चार आहे.

नियम चार आहेत. ओळीच्या आत पुढचे अक्षर व्यंजनाने सुरू होत असेल, तर मुका 'ए' मोजला जातो आणि त्याला स्वतःचा स्वर मिळतो. पुढे स्वर किंवा मूक 'एच' असेल, तर तो पुढच्या स्वरात विरतो. त्याच्यामागे अनेकवचनाचा 'एस' असेल, तर पुढे स्वर आला तरी तो विरत नाही. ओळीच्या शेवटी तो छंदात मोजत नाहीत, पण संगीतकार सहसा त्याला एक हलका स्वर देतो.

'क्लेर द लून'ची पहिली ओळ घ्या: 'वोत्र आम एत् अँ पेइझाज श्वाझी'. शब्द सुटे वाचले तर गाडी अडते. छंदात ती अशी उलगडते: व्हो–त्रा–मे–तँ–पे–इ–झा–झ–श्वा–झी. बरोबर दहा. 'वोत्र'मधला आणि 'आम'मधला 'ए' विरला, कारण पुढे स्वर होता. 'पेइझाज'मधला राहिला, कारण पुढे व्यंजन आहे. दुसऱ्या ओळीत 'मास्क ए बेर्गामास्क' येते. तिथे 'मास्क'चा 'ए' पुढे स्वर असूनही राहतो, कारण तो शब्द अनेकवचनी आहे: मास–क–झे. ओळीच्या शेवटच्या 'मास्क'चा 'ए' अकरावा, न मोजलेला. तरी तो सोडायचा नाही.

बिघडते कुठे? एक, शेवटच्या मुक्या अक्षरावर गायक जोर देतात आणि 'लून' ऐवजी 'लूना' ऐकू येते. फ्रेंचमध्ये वजन शब्दसमूहाच्या शेवटच्या पूर्ण अक्षरावर असते, म्हणून संगीतकार तिथे लांब स्वर किंवा ठोका ठेवतो. मुके अक्षर त्यानंतर ओसरणारे आहे. दोन, 'आव्हे' यासारख्या क्रियापदात लिहिताना शेवटी दिसणारे 'ई-एन-टी' हे तीन वर्ण वेगळे अक्षर म्हणून मोजले जातात. ते चूक आहे, तो शब्द दोनच अक्षरांचा. तीन, ध्वनिमुद्रणात एखाद्या मोठ्या गायकाने शेवटचा 'ए' आधीच्या स्वरात मिळवलेला ऐकला की विद्यार्थी तो सगळीकडे मिळवतात. तो निर्णय त्या ठिकाणापुरता, संपूर्ण ओळ तोलून घेतलेला असतो.

अपवाद जाणीवपूर्वकही झाले. राव्हेलने 1906 मध्ये झ्यूल रनारच्या गद्यावर 'इस्त्वार नात्यूरेल' ही पाच गाणी केली आणि रोजच्या बोलण्यासारखे मुके 'ए' गिळले. जानेवारी 1907 मध्ये जेन बाथोरीने ती पॅरिसमध्ये गायली, तेव्हा श्रोते खवळले. कानाला त्या अक्षरांची किती सवय होती, याचा हा पुरावा आहे. तेव्हा तुमच्या गाण्यात मुका 'ए' कुठे आहे, हे पेन्सिलीने खुणा करून ठरवा आणि त्या खुणा फ्रेंच जाणणाऱ्या शिक्षकाला दाखवा. आंतरजालावरच्या कुणाच्या शब्दावर विसंबू नका.

शेवटच्या ओळीवर छोटा आलाप घेतला तर चालेल का?

नाही. लिहिले आहे तेवढेच गायचे.

मूळ पट्टी मला उंच पडते. डिजिटल पियानोचे ट्रान्सपोज बटण दाबून खाली करते. बरोबर आहे ना?

रियाजाला चालेल. फोरेची गाणी त्याच्या हयातीतच उंच आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्टीत छापली गेली, त्यामुळे पट्टी बदलण्यात गैर काही नाही. दोन अडचणी मात्र आहेत. तीन-चार अर्धस्वरांहून जास्त खाली गेलात तर डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) गढूळ होतात, विशेषतः द्यूपार्कमध्ये, आणि पेडलने ते आणखी चिकटतात. शिवाय गीतमालेतले एकच गाणे खाली केले तर शेजारच्या गाण्याशी त्याचे नाते तुटते. सगळी सारख्याच अंतराने हलवा. परीक्षेत कोणती छापील आवृत्ती आणि कोणती पट्टी चालते, ते केंद्राला आधी लेखी विचारा.

पियानो नसेल तर हार्मोनियमवर साथ घेता येईल का?

या गाण्यांना नाही. हार्मोनियमचा स्वर भाता चालू आहे तोवर तसाच राहतो, पियानोचा विरत जातो, आणि ही रचना त्या विरण्यावर उभी आहे. शिवाय इथे पियानो साथीला नसतो. फोरेच्या 'क्लेर द लून'मध्ये सुरुवातीचे सुमारे बारा बार (स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधले मात्रांचे गट) पियानो आपला मिन्युएट, म्हणजे जुन्या नाचाची धून, एकटाच वाजवतो. गळा मध्येच, चालू संभाषणात कुणी बोलायला लागावे तसा, आत येतो. पियानोची धून त्याच्यासाठी थांबत नाही.

माझी परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. देवनागरीत उच्चार लिहून देणारी एक पीडीएफ विकत घेतली, 'सात दिवसांत फ्रेंच गाणे' अशी. पुरेल का?

पुरणार नाही, आणि ती विकणाऱ्यालाही हे ठाऊक असायला हवे. देवनागरीत फ्रेंचचे दोन वेगळे ध्वनी एकाच 'झ' ने लिहावे लागतात. वरच्या ओळीत 'पेइझाज'मध्ये दोन्ही शेजारी शेजारी आले आहेत, म्हणून ती ओळ अक्षरे मोजायला ठीक आहे, उच्चार शिकायला नाही. 'लून'मधला स्वर जीभ 'ई'ला आणि ओठ 'ऊ'ला ठेवून येतो, त्याला आपल्याकडे अक्षर नाही. सर्वांत वाईट अवस्था अनुनासिकांची होते. 'अनुस्वार' पाहिला की मराठी जीभ न् किंवा म् आणते, आणि 'आँफाँ'चे 'आनफान' होते. कोकणी बोलणाऱ्यांना हे सोपे जाते, त्यांच्या भाषेत खरे अनुनासिक स्वर आहेत. त्यांनी आपल्या सवयीवर विश्वास ठेवावा. मराठी 'र' मात्र चालतो. या परंपरेत जिभेच्या टोकाचा हलका 'र'च गातात, घशातला नाही.

उरलेल्या दिवसांत हे करा. आज आणि उद्या फक्त वाचन, सूर नाही. मग लयीत वाचन, नंतर फक्त स्वरांवर गाणे, आणि शेवटी व्यंजने. आंतरराष्ट्रीय ध्वनिचिन्हे शिकायला तीन दिवस पुरतात. मुंबई किंवा पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमधल्या शिक्षकाकडून एकदा तरी तोंडी वाचून घ्या. पुढच्या वेळी गाणे निवडल्याच्या आठवड्यातच जा. चुकीचा उच्चार एकदा सुरात बसला की काढायला दुप्पट वेळ लागतो.

मी मराठी कवितांना चाली लावतो. व्हर्लेनची एखादी कविता घेऊन गाणे करायचे असेल तर सुरुवात कुठून करू? माझ्याकडे एक चाल तयार आहे.

ती चाल बाजूला ठेवा. तयार चालीवर शब्द बसवणे या परंपरेच्या उलट आहे.

'ल स्येल ए, पार-दस्यू ल त्वा' ही कविता घ्या. व्हर्लेन 1873 मध्ये ब्रसेल्सच्या तुरुंगात असतानाची ही कविता आहे. हिच्यावर फोरेचे 'प्रिझाँ' आहे आणि रेनाल्दो आन्हचे 'द्यून प्रिझाँ'. दोन्ही ऐका, पण स्वतःचा आराखडा झाल्यावर. ओळी आळीपाळीने आठ आणि चार अक्षरांच्या. दुसऱ्या कडव्यात घंटा 'दूसमाँ' वाजते. बोलताना हा शब्द दोन उच्चारांचा, छंदात तीन: दू–स–माँ. तो 'स' तुम्ही गाळलात तर ओळ तीनच अक्षरांची राहते. सगळ्या ओळी अशा मोजा. मग शब्दसमूह तोडा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पूर्ण अक्षराखाली रेघ मारा. त्या रेघा ठोक्यावर किंवा लांब स्वरावर याव्यात. समेवर येण्याची आपली सवय इथे फसवते, कारण बारची पहिली मात्रा ही सम नव्हे. ती हलकी सोडून पुढे जाता येते, आणि देब्युसी तसे नेहमी करतो.

नंतर मेट्रोनोमवर कविता म्हणा आणि नैसर्गिक लांब-आखूड लिहून काढा. सुरांना हात त्यानंतर. गळ्याला दीड सप्तक पुरे. अनुनासिक स्वर फार उंच ठेवू नका, तिथे ते बंद होतात. श्वास विशेषण आणि नाम यांच्यामध्ये येऊ देऊ नका. ओळी, शब्द यांची पुनरावृत्ती टाळा. भावगीतात ध्रुवपद परत येते तसे इथे कवीने आणले असेल तरच येते.

मोठा निर्णय शेवटच्या कडव्याचा आहे. तीन कडवी आकाश, झाड, घंटा, शहराची दूरवरची चाहूल अशी शांत आहेत. चौथ्यात आवाज स्वतःकडे वळतो: सतत रडणाऱ्या तू, आपल्या तारुण्याचे काय केलेस? चारही कडव्यांना एकच चाल लावलीत तर हा वळसा बुडतो. चाल बदला, किंवा चाल तीच ठेवून गळ्याखालचा पियानोचा आधार काढून घ्या. मसुदा झाला की फ्रेंच मातृभाषा असलेल्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल, तिथे तुमचा स्वर चुकला आहे.

'आप्रे अँ रेव्ह' व्हर्लेनचे आहे असे एका व्हिडिओखाली लिहिले आहे.

चूक. फोरेच्या या गाण्याचे शब्द रोमँ ब्यूसीनने अज्ञात कवीच्या एका इटालियन कवितेवरून लिहिले.

पूलँकची गाणी कार्यक्रमात गाऊन चित्रफीत आंतरजालावर टाकता येईल का? 'जुने संगीत आहे, चालते' असे सांगितले गेले.

'जुने' हे उत्तर नव्हे. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, फ्रान्समध्ये सत्तर. पूलँक 1963 मध्ये गेला, म्हणजे त्याच्या संगीताचा हक्क भारतात 2023 अखेर संपला, फ्रान्समध्ये निदान 2033 अखेरपर्यंत आहे. कवीचा हक्क वेगळा मोजावा लागतो. कवयित्री लुईझ द व्हिल्मोराँ 1969 मध्ये गेली, तेव्हा तिच्या शब्दांवरची गाणी भारतातही 2029 अखेरपर्यंत मुक्त नाहीत. चित्रफीत देशाबाहेर दिसते, म्हणून प्रकाशकाला आधी लेखी विचारा, आणि तिकीट लावणार असाल तर वकिलालाही.